बाहेर उघडणारं दार

दार कुठल्या बाजूने फुटलं हे ओळखायला पोलीस लागत नाहीत, फिटर पुरतो. प्लास्टिकचं दार आतून पोकळ असतं. मार बसतो त्या बाजूला कडा आत दबतात आणि पलीकडे चिरफळ्या निघतात. धाकट्या बहिणीच्या बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूने चिरफळ्या निघाल्या होत्या, म्हणजे मारणारा बाहेर उभा होता. भोक छातीच्या उंचीवर, मुठीएवढं. खालची बिजागरी स्क्रूंसकट उपटून आली होती. ते काम लाथेचं, मुठीने बिजागरी निघत नाही.

हे सगळं तिच्या भावाने, मिलीमीटर म्हणतात त्या फिटरने, एका नजरेत पाहिलं, आणि म्हणाला, "पाण्याने फुगलं असेल."

प्लास्टिक पाण्याने फुगत नाही. बावीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. पण बहीण लगेच म्हणाली, "हो ना दादा, फुगलंच होतं." दाजी, म्हणजे तिचा नवरा, सोफ्यावरून म्हणाला की हल्ली मालच भिकार येतो. तिघांचं एकमत झालं. मिलीमीटरने खिशातून टेप काढला आणि चौकटीचं माप घ्यायला बसला.

मिलीमीटर हे त्याचं वर्कशॉपमधलं नाव. खिडकीचं माप तो तीन जागी घ्यायचा, वर, मध्ये आणि खाली, आणि तिन्ही आकडे सारखे आले तरी चौथ्यांदा बघायचा. त्याने बसवलेल्या चौकटीत आणि भिंतीत नख शिरत नाही, असं बाकीचे फिटर सांगत, थोडं कौतुकाने आणि थोडं वैतागून. असा हा बारीक नजरेचा माणूस. बहिणीच्या घरात शिरला की मात्र त्याच्या नजरेला काय व्हायचं कोण जाणे. खरं तर काही व्हायचं नाही. त्याला सगळं दिसायचं. तो फक्त मूग गिळून बसायचा.

दोन वर्षांपूर्वी दाजीने त्याला पहिल्यांदा कामाला बोलावलं ते बेडरूमची खिडकी रंगवायला. खिडकी पांढऱ्या प्लास्टिकची, चांगली होती. पण खालच्या कोपऱ्यात चौकट तारेच्या घासणीने घासून घासून खरखरीत केलेली होती, आणि त्या ओरखड्यांत तपकिरी डाग बसला होता. प्लास्टिकवर रंग असा तसा धरत नाही. आधी स्पिरिटने पुसायचं, मग बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर, आणि मग दोन हात. स्पिरिटचा बोळा त्या कोपऱ्यावर फिरवला तेव्हा तो लालसर झाला. चौकट आणि काचेच्या रबराच्या फटीत एक लांब केस अडकला होता, मुळासकट. बहीण त्या दिवशी घरात डोक्याला ओढणी गुंडाळून वावरत होती आणि सर्दी झाली म्हणत होती. मिलीमीटरने केस काढला, बोळा कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दाबला आणि खिडकीला कॉफी रंगाचे दोन हात दिले. तिसराही दिला.

त्यानंतर वर्षभराने बाथरूमचं दार फुटलं, ते बदललं. आता त्याच जागचं हे दुसरं दार.

का नाही बोलला तो? स्वतःला त्याने कारणं पुष्कळ दिली. नवरा-बायकोमधलं प्रकरण आहे, तिने तोंड उघडल्याशिवाय आपण कसं उघडायचं, आपल्या दोन खोल्यांत तिला ठेवायचं कुठे. सगळी कारणं झूट. दाजी दिसायला गोड माणूस होता. दारात आलेल्याला पाणी आधी द्यायचा, विनोद नंतर सांगायचा, आणि अख्ख्या इमारतीत त्याच्यासारखा जावई मिळावा म्हणून लोक झुरत. एकदा हसता हसता त्याने मिलीमीटरच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि अंगठा गळपट्टीच्या हाडामागे असा रुतवला होता की डोळ्यांत पाणी यावं. "मेहुणे आमचे फार शांत," तो म्हणाला होता. मिलीमीटरला त्याची भीती वाटायची. कारण एवढंच होतं.

पण या खेपेला माप घेताना तो खाली बसला आणि त्याला बाथरूमच्या आतल्या भिंतीवर, फरशीपासून हातभर उंचीवर, पाच बोटांचा रक्ताचा ओघळ दिसला. कुणीतरी पुसला होता, पण टाइल्सच्या जोडात राहिला होता. ती इथे बसते, त्याच्या डोक्यात आलं. कडी लावते आणि या कोपऱ्यात बसते. आणि मी तिला प्रत्येक वेळी असं दार देतो जे एका लाथेत जातं.

बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती, हाताची कारागिरी होती. त्याने ठरवलं, असं दार बनवायचं की याच्या बापालाही फुटणार नाही.

आणि त्याने बनवलंही. प्लास्टिकच्या चौकटीत लोखंडी नळी घातली. दाराच्या पोटातही लोखंड घातलं, वर-मध्ये-खाली तीन कड्या लावल्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने ते उलटं बसवलं. बाथरूमचं दार आत उघडतं, सगळीकडेच. आत उघडणाऱ्या दाराला लाथ बसली की सगळा भार कडीवर येतो आणि कडी उखडते. बाहेर उघडणारं दार चौकटीच्या खाचेत टेकलेलं असतं. लाथ मारा नाहीतर धडक द्या, ते खाचेत आणखीच घट्ट बसतं. बिजागऱ्या बाहेर येतात, पण त्यांच्या पिना ठोकून निघू नयेत म्हणून त्याने त्या आतून स्क्रूने अडकवल्या.

बहिणीला त्याने सांगितलं की दार बाहेर उघडलं की आत जागा मोकळी होते. ती दारावरून हात फिरवत राहिली. "किती जाड आहे रे," ती म्हणाली. तो म्हणाला, ओल लागते ना. दोघंही एकमेकांकडे न बघता हे बोलले. दाजीने दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं, तिन्ही कड्या सरकवून पाहिल्या आणि हसला. "मेहुणे, बँकेची तिजोरी बसवलीत की काय?"

मिलीमीटर त्या दिवशी शीळ घालत घरी गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण भाऊ असल्यासारखं वाटलं.

दीड महिन्याने, एका शनिवारी साडेअकराला, तो एका दवाखान्याच्या खिडक्या बसवत असताना फोन वाजला. बहिणीच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका बोलत होत्या. रिटायर झाल्या तरी आवाज अजून वर्गातलाच होता. त्यांच्या बाथरूमच्या छतातून पहाटेपासून पाणी गळत होतं, धारच लागली होती. वर जाऊन त्यांनी बेल वाजवली तर साहेबांनी दार बोटभर उघडून प्लंबर आलाय म्हणून सांगितलं. "प्लंबर काल संध्याकाळपासून पाइपावर ठोकतोय का?" त्या म्हणाल्या. "रात्रभर ठोकतोय. तीनदा ठोकतो, थांबतो, परत तीनदा. असा प्लंबर मी पाहिला नाही. दार तुम्ही बसवलंत म्हणून तुम्हाला विचारते."

मिलीमीटरने हातातली चौकट तशीच भिंतीला टेकवली आणि टेम्पोत बसला. वीस मिनिटांचा रस्ता त्याने कसा कापला हे त्याला नंतर आठवेना.

दाजीने दार उघडलं तेव्हा तो आंघोळ करून, केस विंचरून तयार होता. आंघोळ कुठे केली होती देव जाणे. "अरे वा, मेहुणे! शनिवारचे कसे काय?" म्हणत त्याने वाट अडवली. मिलीमीटरच्या एका हातात कटावणी होती, दुसऱ्या हातात ग्राइंडरची पेटी. त्याने खांद्यानेच दाजीला बाजूला सारलं आणि आतल्या बोळात वळला.

बोळ ब्याण्णव सेंटिमीटर रुंद. माप त्यानेच घेतलं होतं. बाथरूमच्या दाराला वॉशिंग मशीन चिकटवून ठेवलं होतं, साठ सेंटिमीटरचं. मशीन आणि समोरची भिंत यांच्यामध्ये भरलेला गॅस सिलिंडर कोंबला होता, बत्तीसचा. साठ आणि बत्तीस ब्याण्णव. मधे पोस्टकार्ड जायला फट नव्हती.

तेव्हा मिलीमीटरला कळलं की आपण काय करून ठेवलंय. बाहेर उघडणारं दार बाहेरून फुटत नाही हे खरं, पण त्याच्यासमोर काही अडवून ठेवलं तर आतून उघडतही नाही. जुनं दार आत उघडायचं, त्याला बाहेरून कोंडता आलं नसतं. नेहमीचं, भिकार, पोकळ दार असतं तर ती लाथ मारून बाहेर आली असती. तिच्यासाठी त्याने तुरुंग बांधला होता, लोखंड घालून, तीन जागी माप घेऊन.

"चिऊ!" त्याने हाक मारली.

आतून तीन ठोके आले. मग खूप वेळाने आवाज. "दादा?"

तो वाकून सिलिंडर ओढायला लागला तेवढ्यात पाठीत काहीतरी बसलं. दाजीच्या हातात फरशी पुसायच्या वायपरचा लोखंडी दांडा होता. दुसरा फटका कानावर बसला आणि कानात शिट्टी वाजायला लागली. दाजी हसत नव्हता. हसू नसलं की त्याचा चेहरा अगदी साधा, कुणाचाही असावा तसा दिसत होता, आणि तो हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखं बोलत होता. "माझ्या घरात. माझ्या घरात येऊन. तुझ्या बहिणीला शिस्त नाही, तुलाही नाही." प्रत्येक वाक्याला एक फटका. मिलीमीटरच्या कपाळातून रक्त निघालं, डोळ्यात उतरलं. तो सिलिंडरवर पालथा पडला, आणि सवयीने त्याच्या मनात आलं की गप्प राहावं, म्हणजे थांबेल. दोन वर्षं तो हेच करत आला होता.

आतून परत तीन ठोके आले, पहिल्यापेक्षा हळू.

त्याच्या हाताला कमरेच्या पट्ट्यातला रबरी हातोडा लागला. चौकट ठोकून जागेवर बसवायचा तो, जड, काळा. मिलीमीटर वळला आणि त्याने तो दाजीच्या गुडघ्यावर घातला. हाडाचा आवाज ओलं लाकूड मोडल्यासारखा आला. दाजी भिंतीला घासत खाली बसला. मग मिलीमीटरने दांडा धरलेल्या मनगटावर हातोडा घातला, मग खांद्यावर, त्याच जागी, गळपट्टीच्या हाडावर, आणि तिथे काहीतरी मोडलं. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच त्याला शिसारी आली, तरी हात थांबेना. दाजी आता किंचाळत होता, मेहुणे, मेहुणे करत होता, तोंडातून लाळ आणि रक्त येत होतं. मिलीमीटरने हातोडा डोक्याच्या रेषेत उचलला. डोक्याचं मापही त्याने नजरेने घेतलं होतं.

"दादा, पाणी वाढतंय," आतून आवाज आला.

त्याने हातोडा टाकला. हातोडा खाली पडला तेव्हा शिक्षिका चपला हातात घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी चपला खाली ठेवल्या, कटावणी उचलली आणि दाजीच्या छातीसमोर धरली. "हलायचं नाही," त्या म्हणाल्या, "पोलिसांना मी खालूनच फोन केलाय." चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई त्या. दाजी हलला नाही.

सिलिंडर निघाला, मशीन सरकलं, पण दार उघडेना. बहिणीने काल जिवाच्या आकांताने आतून तिन्ही कड्या लावल्या होत्या आणि आता तिला त्या काढता येत नव्हत्या. उजवा हात उठतच नाही रे, ती म्हणाली, आणि डाव्याने वरची कडी सरकत नाही. सरकणार कशी? कडी इतकी घट्ट बसवली होती की दोन्ही हातांचा जोर लागावा. बिजागऱ्यांच्या पिना ठोकून निघत नव्हत्या, तीही त्याचीच हुशारी. त्याने सिलिंडर उचलून थेट जिन्यात नेऊन ठेवला आणि ग्राइंडर सुरू केला.

लोखंड कापायला अकरा मिनिटं लागली. ठिणग्या त्याच्या तोंडावर उडत होत्या, प्लास्टिक जळून बोळ काळ्या धुराने भरला होता. डोळ्यात रक्त, कानात शिट्टी, आणि तो रडत रडत, मोठ्याने, स्वतःच्या कारागिरीला आईबहिणीवरून शिव्या देत होता. तिसरी बिजागरी तुटली, दार कलंडलं, आणि आतून गुडघाभर पाणी त्याच्या अंगावर आलं.

बहीण टाइल्सच्या कोपऱ्यात बसली होती. ओठ निळे पडले होते, एक डोळा सुजून मिटलेला, उजवा हात कोपराखाली नको तिथे वळलेला. डाव्या हातात पाण्याचा नळ होता, भिंतीतून उपटलेला. त्यानेच ती पाइपावर ठोकत होती. पाण्याची वाट तिने ओढणीने बुजवली होती, दाराखालची फट मिलीमीटरने दार बसवतानाच रबराने बंद केली होती, म्हणून पाणी बोळात न येता फरशीतून खाली उतरलं होतं. खालच्या बाई भांडायला वर येतील हे तिला माहीत होतं. तिला तिच्या अकलेने वाचवलं, भावाच्या दाराने नाही.

पोलीस आले, पाठोपाठ अँब्युलन्स आली. पोलीस बाईंनी आधी बघितलं ते मिलीमीटरकडेच, कारण रक्ताने माखलेला आणि हातोडावाला तोच होता. दाजीची बोलती बंद झाली असेल असं कुणाला वाटलं तर ते चूक. गुडघा फुटलेला, खांदा लोंबतोय, तरी तो शांतपणे सांगत होता. दार मेहुण्यांनी उलटं बसवलं, ते अडकलं. ही आत पाय घसरून पडली. मशीन आणि सिलिंडर पुसायला म्हणून सरकवले होते. मी उघडायचाच प्रयत्न करत होतो, एवढ्यात हे आले आणि माथेफिरूसारखे माझ्यावर तुटून पडले. यापूर्वी कधी आमच्या घरातून आवाज ऐकलाय का, विचारा इमारतीत कुणालाही. आणि इमारतीत कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं.

पोलीस बाई बहिणीच्या स्ट्रेचरजवळ वाकल्या. आधीही असं झालंय का, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. कुणी पाहिलंय? कुणाला सांगितलंत? ती मान हलवून नाही म्हणाली. तिच्या डाव्या हातात मिलीमीटरचं बोट होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

"माझ्या दादाला काही विचारू नका," ती म्हणाली. दात वाजत होते, तरी ती स्पष्ट बोलली. "त्याला यातलं काही माहीत नाही. मी कळूच दिलं नाही. त्याला कळलं असतं ना, तर तो पहिल्याच दिवशी आला असता."

मिलीमीटर तिच्याकडे बघत राहिला. पोलीस बाईंनी वही त्याच्याकडे वळवली.

"दार उलटं का बसवलंत?"

दार बसवताना चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. किंवा आताच, दीड महिन्यापूर्वी जरा शंका आली म्हणून, असं म्हणता आलं असतं. बहिणीच्या हातातलं त्याचं बोट सुटलं नसतं, जन्मभर सुटलं नसतं. मग दाजी चार दिवस कोठडीत राहून, विनोद सांगत बाहेर आला असता.

"चुकून नाही बसवलं," तो म्हणाला. "याला फोडता येऊ नये म्हणून बसवलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून?"

त्याने दाजीकडे बघितलं नाही. बहिणीकडे बघायचं त्याने टाळलं नाही.

"दोन वर्षांपासून. पहिल्यांदा झालं तेव्हापासून. खिडकीवरचं रक्त मी पुसलं, केस मी काढला, वर रंग मी दिला. मग दोन दारं बदलली. तारखा वर्कशॉपच्या वहीत आहेत. सगळं लिहून देतो."

पोलीस बाई लिहीत होत्या. पहिल्यांदाच दाजीचा चेहरा पडला. मिलीमीटरला त्याचं काही वाटलं नाही, कारण बहिणीची बोटं एकेक करून सैल होत होती. तिने हात काढून घेतला आणि ब्लँकेटखाली नेला.

"दोन वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलत होते," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तू गेलास की रडायचे, दादाला फसवलं म्हणून."

 

अँब्युलन्समध्ये पेशंटबरोबर एकालाच बसता येईल, असं ड्रायव्हरने सांगितलं. मिलीमीटर पुढे झाला. बहिणीने डोळा मिटून घेतला आणि शिक्षिकाबाईंना विचारलं, तुम्ही येता का? बाईंनी कटावणी भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि तिच्याबरोबर गेल्या.